मनगटावरून दंडावर: ठोके मोजणारा सेन्सर बनवताना

मनगटावर बांधून हृदयाचे ठोके मोजणारा छोटा सेन्सर बनवायचा, असं ठरवून आम्ही जून २०२३ मध्ये कामाला लागलो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अभ्यासातल्या शेवटच्या व्यक्तीची नोंद संपली, तेव्हा तो सेन्सर मनगटावर नव्हता, दंडावर होता. मधल्या काळात काय घडलं, पैसे कुठे गेले, कुठे थांबावं लागलं, ते सगळं इथे लिहिते आहे. चिपची माहिती इंग्रजीत हवी तेवढी मिळते. पण दोन-तीन जणांची टीम पुण्यात बसून हे करायला घेते तेव्हा कशाआधी काय लागतं, हे आम्हाला कुठे एकत्र वाचायला मिळालं नव्हतं.

आधी हे का हवं होतं ते सांगते. मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनीअर आहे. माझ्या ओळखीच्या एक डॉक्टर मॅडम पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मेडिसिन विभागात काम करतात. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात काम करून गळपटलेल्या शेतमजूर बायका त्यांच्याकडे येतात, आणि बऱ्याचदा उशिरा येतात. शरीर तापायला लागलं की हृदयाचे ठोके वाढतात, सावलीत बसून पाणी प्यायल्यावरही लवकर खाली येत नाहीत. हे दिवसभर मोजता आलं तर मुकादमाला किंवा बाईला स्वतःलाच वेळेत कळेल, असा मॅडमचा विचार होता. बाजारातली स्मार्ट घड्याळं आम्ही पाहिली. पण त्यांचा कच्चा सिग्नल हाती येत नाही, आणि तो आला नाही तर घड्याळ दाखवतंय त्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हे तपासता येत नाही. म्हणून स्वतःचं बनवायचं ठरलं. फर्मवेअरची, म्हणजे चिपमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामची, बाजू माझ्या एका कॉलेजच्या मित्राने घेतली.

तत्त्व साधं आहे. एलईडीचा प्रकाश त्वचेत जातो, आत विखुरतो, त्यातला थोडा परत बाहेर येऊन फोटोडायोडवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या भागावर, पडतो. प्रत्येक ठोक्याबरोबर रक्ताचं प्रमाण किंचित वाढतं, प्रकाश किंचित जास्त शोषला जातो, आणि परत येणारा प्रकाश तेवढा कमी होतो. कठीण आहे तो हा 'किंचित' शब्द. बोटाच्या टोकावर ठोक्यामुळे होणारा बदल एकूण प्रकाशाच्या एक-दोन टक्के तरी असतो. मनगटावर तो पुष्कळदा अर्धा टक्काही भरत नाही. बाकीचा सगळा प्रकाश त्वचा, चरबी, हाड आणि न हलणाऱ्या रक्तातून आलेला असतो, तो ठोक्यांबद्दल काही सांगत नाही. हात हलला की या मोठ्या भागातच चढउतार होतात आणि ते खऱ्या ठोक्याच्या कितीतरी पट असतात.

सुरुवात पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून केली. मॅक्स ३०१०२ या चिपचं तयार मॉड्यूल तिथे दोन-अडीचशे रुपयांना मिळालं. साडेपाच मिलिमीटर लांबीच्या त्या चिपमध्ये ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ८८० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड एलईडी, फोटोडायोड आणि सिग्नलचे आकडे करणारा १८ बिटचा एडीसी असं सगळं असतं. शिकायला याहून चांगली वस्तू नाही. विद्यार्थ्यांसाठी एक सूचना: काही स्वस्त मॉड्यूलवर आय-टू-सी लाइनचे (सेन्सर आणि आर्डुइनो बोर्ड ज्यावरून बोलतात त्या तारांचे) पुल-अप रेझिस्टर १.८ व्होल्टला जोडलेले असतात. अशा वेळी पाच व्होल्टच्या आर्डुइनोला सेन्सर दिसतच नाही आणि चिप जळली असं वाटतं. बोर्ड फेकण्याआधी मल्टिमीटरने तिथला व्होल्टेज बघा.

बोटावर पहिल्याच संध्याकाळी सुंदर लाट दिसली. मनगटावर मात्र खडखडाट. याचं कारण प्रकाशाच्या रंगात आहे. लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश खोलवर जातो, त्यामुळे मनगटातल्या हाडांची आणि शिरांची हालचालही तो घेऊन येतो. हिरवा प्रकाश, साधारण ५२५ नॅनोमीटरच्या आसपासचा, हिमोग्लोबिन जास्त शोषतं आणि तो जेमतेम वरच्या थरापर्यंत पोचतो. म्हणून ठोके मोजणाऱ्या घड्याळांच्या पाठीमागे हिरवा उजेड लुकलुकताना दिसतो.

याच टप्प्यावर आणखी एक निर्णय झाला, आणि मला वाटतं तो या कामातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता: ऑक्सिजनचं प्रमाण दाखवायचं नाही. करोनाच्या काळात सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई घरोघरी ऑक्सिमीटर घेऊन फिरल्या होत्या, त्यामुळे सेन्सर म्हटलं की प्रत्येकजण पहिला प्रश्न विचारतो, "ऑक्सिजन किती दाखवतं?" लाल आणि इन्फ्रारेडच्या गुणोत्तरावरून (त्याला आर म्हणतात) ११० वजा २५ गुणिले आर या सूत्राने एक आकडा काढता येतो, आणि इंटरनेटवरचे बरेच नमुना प्रोग्राम तेच करतात. पण हे सूत्र ढोबळ आहे. पल्स ऑक्सिमेट्रीचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलं, तेव्हापासून आजपर्यंत त्याचं कॅलिब्रेशन माणसांवरच करावं लागतं: निरोगी स्वयंसेवकांना देखरेखीखाली कमी ऑक्सिजनची हवा देऊन, धमनीतल्या रक्ताचे नमुने घेऊन, ७० ते १०० टक्क्यांच्या पट्ट्यात. आयएसओ ८०६०१-२-६१ हे मानक त्यासाठीच आहे. ते न करता आकडा दाखवला तर तो पाहून कोणीतरी दवाखान्यात जाणं लांबवेल. आमच्याकडे ती सोय नव्हती, म्हणून फक्त ठोके. तुमच्यावरही आकडा 'जाता जाता' दाखवण्याचा दबाव येईल. ठाम नाही म्हणा.

ऑगस्टमध्ये खरे भाग मागवले. एलईडी आणि फोटोडायोड एकत्र असलेलं एसएफएच ७०५० हे पॅकेज (हिरवा, लाल, इन्फ्रारेड असे तीन एलईडी, एकूण आकार ४.७ बाय २.५ मिलिमीटर) आणि सिग्नल वाचायला एएफई ४४०४ ही चिप. परदेशी वितरकाकडून कुरिअरने येतात, त्यावर सीमाशुल्क आणि १८ टक्के आयजीएसटी लागतो, हे बजेटमध्ये धरा. कंपनीच्या नावाने मागवायचं तर डीजीएफटीकडून (विदेश व्यापार महासंचालनालयाकडून) आयात-निर्यात कोड काढावा लागतो. तो ऑनलाइन आहे, फी ५०० रुपये. आम्ही पार्सल कस्टम्समध्ये अडकल्यावर तो काढायला बसलो नाही, आधीच काढला होता, आणि त्याचा फायदा झाला. एएफईचं पॅकेज बीजीए प्रकारचं आहे, म्हणजे जोडणीच्या बारीक गोळ्या चिपच्या पोटाखाली असतात. घरच्या सोल्डरिंग आयर्नने ते जमत नाही. असेंब्ली करणाऱ्याकडे द्यावं लागतं, आणि कमी नगांच्या कामाला दर नग जास्त पडतो. पहिल्या बोर्डांचा खर्च, भाग आणि असेंब्ली धरून, पन्नास हजारांच्या आसपास गेला.

सप्टेंबर ते मार्च हा सगळा काळ प्रकाशाला वाट दाखवण्यात गेला. चिप निवडली की काम झालं असं वाटतं, पण या सेन्सरचं नशीब चिपबाहेर ठरतं. एलईडीचा प्रकाश त्वचेत न जाता थेट फोटोडायोडवर पोचला तर त्यात ठोक्यांचा काहीच अंश नसतो. तो फक्त मोठा भाग आणखी मोठा करतो. याला क्रॉसटॉक म्हणतात. वरची पारदर्शक काच जितकी जाड, तितका तिच्या आतून परावर्तित होऊन प्रकाश आडवा सरकतो. काच आणि सेन्सर यांच्यात हवेची फट राहिली तरी तेच. त्यासाठी मध्ये काळी भिंत लागते आणि ती काचेपर्यंत टेकलेली लागते.

ही भिंत आम्ही थ्रीडी प्रिंटरवर काळ्या पीएलए प्लास्टिकमध्ये छापली. हिरव्यासाठी चालली, इन्फ्रारेडमध्ये मात्र क्रॉसटॉक तसाच. डोळ्याला काळं दिसणारं प्रत्येक प्लास्टिक इन्फ्रारेडला काळं नसतं. नुसत्या रंगाने (डायने) काळं केलेल्या प्लास्टिकमधून तो प्रकाश आरपार जातो, कार्बन ब्लॅक मिसळलेल्यातून जात नाही. तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. टीव्हीच्या रिमोटसमोर तो तुकडा धरा, बटण दाबा आणि फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा. ठिपका दिसला तर प्लास्टिक बदला. (मागच्या कॅमेऱ्याला बहुधा इन्फ्रारेड अडवणारी गाळणी असते, त्यामुळे त्यात दिसेलच असं नाही.)

दुसरी गळती बोर्डातूनच होती. पीसीबीचं, म्हणजे भाग बसवायच्या बोर्डाचं, एफआर-४ मटेरियल अर्धपारदर्शक असतं. भिंत वर कितीही चांगली असली तरी प्रकाश तिच्याखालून, बोर्डाच्या जाडीतून पलीकडे जातो. वेगळे एलईडी आणि वेगळा मोठा फोटोडायोड घेऊन दुसरा बोर्ड केला, तेव्हा दोघांच्या मधोमध बोर्डात खाच कापून घेतली, भिंत त्या खाचेत उतरवली आणि सोल्डर मास्क, म्हणजे बोर्डावरचा लेप, हिरव्याऐवजी काळा मागवला. फरक पहिल्याच नोंदीत दिसला.

एलईडी आणि फोटोडायोडमधलं अंतर हा स्वतंत्र अभ्यास आहे. अंतर वाढवलं की प्रकाश जास्त खोलातून येतो आणि त्यात ठोक्याचा वाटा टक्केवारीने वाढतो, पण एकूण प्रकाश झपाट्याने घटतो, मग एलईडीला करंट जास्त द्यावा लागतो आणि बॅटरी बसते. हिरव्यासाठी दोन ते तीन मिलिमीटरच्या मध्ये आम्हाला बरा समतोल सापडला.

बॅटरीचा हिशेब कागदावर करून बघण्यासारखा आहे. ५० मिलिअँपिअरचा झोत, ४११ मायक्रोसेकंदांचा, सेकंदाला १०० वेळा: सरासरी दोन मिलिअँपिअर निघतात. शंभर मिलिअँपिअर-अवरची बॅटरी नुसत्या एका एलईडीवर दोन दिवसांत संपेल. तोच झोत २० मिलिअँपिअर, १२० मायक्रोसेकंद, सेकंदाला ५० वेळा केला तर सरासरी ०.१२ मिलिअँपिअर. सिग्नल चालण्यासारखा असेल तोवर खाली उतरत जायचं, हे काम फर्मवेअरने स्वतः करावं असं आम्ही ठरवलं. ५० हा आकडाही उगाच घेतलेला नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. नमुने ५० किंवा १०० वेळा घेतले तर ती लुकलुक शून्याजवळ दुमडते आणि गाळता येते. भलताच वेग घेतला, समजा ३२, तर ती ठोक्यांच्या लाटेच्या पट्ट्यातच येऊन बसते.

ऊन मात्र ट्यूबलाइटसारखं गाळता येत नाही. कडक उन्हात फोटोडायोड नुसत्या आजूबाजूच्या उजेडानेच भरून जातो. एलईडी बंद असताना एक नमुना घेऊन तो वजा करण्याची सोय एएफईमध्ये असते, पण इनपुटच भरला असेल तर वजा काय करणार? उन्हातला इन्फ्रारेड तर हाताच्या मांसातून झिरपत सेन्सरपर्यंत येतो. दोन गोष्टींनी मदत केली: फोटोडायोडवर इन्फ्रारेड अडवणारी गाळणी, आणि सेन्सरभोवती मऊ अपारदर्शक सिलिकॉनची कड. झाडाखालून चालताना ऊन-सावली पटापट बदलते, तो प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही.

पट्ट्याचा ताण हीसुद्धा डिझाइनची बाब आहे, वापरणाऱ्याच्या मर्जीवर सोडायची नाही. सैल असेल तर फट पडते. फार आवळला तर बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि लाटच मरते. काचेला किंचित फुगवटा दिला, एक मिलिमीटरच्या आतला, आणि पट्टा लवचिक घेतला, की दोन्ही टोकं टळतात.

आता त्वचेच्या रंगाबद्दल. डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांचं एक पत्र न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं होतं. ऑक्सिमीटर ठीकठाक आकडा दाखवत असताना रक्तात प्रत्यक्षात ऑक्सिजन कमी असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के आणि कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के निघालं. अमेरिकेच्या औषध आणि उपकरण नियामकाची, एफडीएची, २०१३ ची सूचना अशा चाचणीसाठी किमान १० लोक पुरेसे मानत होती. जानेवारी २०२५ च्या मसुद्यात तो आकडा १५० वर गेला आणि त्वचेचा रंग नीट मोजण्याची अपेक्षा आली. आमचा सेन्सर ऑक्सिजन मोजत नसला तरी प्रश्न आमचाही होता, कारण मेलॅनिन लाल प्रकाशापेक्षा हिरवा जास्त शोषतं. शेतात वर्षानुवर्षं राबलेल्या हातावर हिरवा प्रकाश परत येतो तो खूपच कमी. प्रयोगशाळेत बसून काम करणाऱ्या आमच्या हातांवर जुळवलेला करंट तिथे पुरणारच नव्हता.

माणसांआधी कृत्रिम त्वचेवर हे तपासलं. पारदर्शक सिलिकॉनमध्ये प्रकाश विखुरण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड आणि शोषण्यासाठी काळी शाई घालून वेगवेगळ्या छटांच्या चकत्या ओतल्या, आत बारीक सिलिकॉन नळी घातली आणि तिच्यातून पंपाने लाल द्रव ठोक्यांच्या लयीत ढकलला. शाई आधी थोड्या सिलिकॉनमध्ये खलून मग मिसळा, नाहीतर ठिपके राहतात. ओतण्याआधी हवेचे बुडबुडे व्हॅक्यूमने काढावे लागतात. यावर गडद छटेसाठी करंट आपोआप वाढवणारी पद्धत बसवून घेता आली. माणसाची जागा ही चकती घेत नाही, पण 'कालच्या बोर्डापेक्षा आजचा चांगला का' याचं उत्तर ती प्रामाणिकपणे देते.

पैशांबद्दल. सुरुवातीचा खर्च आम्ही खिशातून केला. २०२३ च्या शेवटी निधी-प्रयास योजनेत अर्ज केला. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची ही योजना प्रोटोटाइपसाठी दहा लाखांपर्यंत मदत देते आणि अर्ज इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नव्या उद्योगांना आधार देणाऱ्या संस्थेमार्फत, जातो. सादरीकरणात तंत्रज्ञानापेक्षा 'हे कोण वापरणार, त्यांच्याशी बोललात का' यावर जास्त वेळ गेला. पैसे हप्त्याने येतात आणि प्रत्येक हप्त्याला खर्चाचा हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. तपकीर गल्लीतल्या खरेदीचंसुद्धा जीएसटीचं पक्कं बिल घ्या. याहून मोठी रक्कम हवी असेल तर बायरॅकची (जैवतंत्रज्ञानातल्या उद्योगांना मदत करणाऱ्या केंद्राच्या संस्थेची) बिग योजना आहे, पन्नास लाखांपर्यंत आणि अठरा महिन्यांसाठी. तिची अर्जाची फेरी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये उघडते.

एप्रिल २०२४ मध्ये मॅडमच्या रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीकडे कागद दिले. माणसाच्या अंगावर काहीही बांधून नोंद घ्यायची तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ही मंजुरी आधी लागते, उपकरण कितीही निरुपद्रवी असो. कागदांत प्रोटोकॉल (अभ्यास कसा करणार त्याचा लेखी आराखडा), सहभागींसाठी माहितीपत्रक आणि संमतीपत्र (मराठी, हिंदी आणि इंग्रजी), नोंदीचा नमुना, सगळ्या संशोधकांचे बायोडेटा आणि जीसीपी (माणसांवरच्या चाचण्या नीट करण्याच्या) प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, उपकरणाच्या सुरक्षेची माहिती, आणि सहभागींना काय भरपाई मिळणार त्याचा तपशील. मराठी माहितीपत्रक आम्ही स्वतः लिहिलं, मग ज्याने मूळ इंग्रजी पाहिलं नव्हतं अशा माणसाकडून ते पुन्हा इंग्रजीत करून घेतलं आणि दोन्ही ताडून पाहिले. या कामाला घाई करू नका. वॉर्डातल्या सिस्टरांना आधी वाचायला दिलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की लोक पहिल्यांदा विचारतील, "करंट बसंल का?" म्हणून पहिल्याच परिच्छेदात लिहिलं: हे यंत्र छोट्या बॅटरीवर चालतं, चार्जिंगला लावलेलं असताना ते अंगावर बांधलं जाणार नाही, सुई टोचली जाणार नाही, रक्त घेतलं जाणार नाही.

कमिटी महिन्याला बसत नव्हती, म्हणून बैठकीपर्यंत जुलै उजाडला. तीन महिने नुसतं वाट बघणं जड जातं. त्या काळात आम्ही तापमानाच्या चाचण्या केल्या. त्वचेला सतत टेकून राहणाऱ्या भागासाठी वैद्यकीय उपकरणांच्या आयईसी ६०६०१-१ मानकात ४३ अंश सेल्सिअस ही वरची मर्यादा आहे, आणि ४१ च्या वर गेलं तर ते कागदोपत्री जाहीर करावं लागतं. आमचं उन्हातच वापरायचं, त्यामुळे चार्जिंग सर्किट आणि बॅटरी त्वचेपासून लांबच्या बाजूला नेली.

बैठकीत मला बोलावलं होतं. डॉक्टरांनी सांख्यिकीचे प्रश्न विचारले, वकील सदस्यांनी डेटा कोणाकडे राहणार ते विचारलं. मग कमिटीतल्या सामान्य नागरिकांच्या प्रतिनिधी, वयाने मोठ्या एक बाई, माहितीपत्रकातलं चित्र बघत म्हणाल्या, "ताई, तुमचं यंत्र मनगटावर बांधायचं. त्या बाईच्या हातात बांगड्या असणार. त्या काढायला सांगणार का तिला? आणि एखादी बांगडी वाढवली त्यात, तर?"

खोली शांत झाली. आमच्या बोर्डाच्या रेखाचित्रांत, चकत्यांत, हिशेबांत बांगड्या कुठेच नव्हत्या. काचेच्या बांगड्यांवर पट्टा बसत नाही, बसवला तर ताण एकसारखा राहत नाही, आणि सवाष्ण बाईला बांगड्या काढ म्हणणं आम्हाला कोणालाच मान्य नव्हतं. मी म्हटलं, "नाही काकू, काढायला सांगणार नाही. जागा बदलून परत येतो."

निकालपत्रात 'सुधारणांसह पुन्हा सादर करा' असं आलं. हे पत्र आलं की खचून जाऊ नका, हा नकार नसतो. प्रत्येक मुद्द्याला क्रमांक देऊन उत्तर लिहायचं, प्रोटोकॉलच्या नव्या प्रतीवर आवृत्ती आणि तारीख बदलायची, बदललेल्या ओळी ठळक करायच्या.

दंडाचा विचार तेव्हा सुरू झाला आणि तांत्रिकदृष्ट्याही तो बरा निघाला. दंडावर मांस जास्त, हाड खोल, आणि खुरपताना मनगट जितकं वळतं तितका दंड हलत नाही. शिवाय शेतात जाताना बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. तो शर्ट सेन्सरवर आपोआप सावली धरतो. ज्या उन्हाशी आम्ही महिनोन्महिने झगडत होतो त्याचा बराचसा बंदोबस्त त्या बायकांनी स्वतःच्या रक्षणासाठी आधीच करून ठेवला होता. पट्टा नव्याने कापला, कड रुंद केली, बोर्ड थोडा वक्र बसावा म्हणून दोन तुकडे करून मध्ये वाकणारी फ्लेक्स जोडणी घेतली. हा बोर्ड सगळ्यात महाग पडला, असेंब्लीसह साठ हजारांवर.

सप्टेंबरमध्ये मंजुरी मिळाली. लगेच सीटीआरआयवर, म्हणजे देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, अभ्यास नोंदवला. नोंदणी फुकट आहे, पण पहिल्या सहभागीच्या आधीच करावी लागते. एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी घेत नाहीत. त्यांच्याकडून शंका येतात, उत्तरं द्यावी लागतात, त्यामुळे काही आठवडे हाताशी ठेवा. आणि मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ प्रमाणे चाचणीपुरतं उपकरण बनवायलाही परवाना लागतो: एमडी-१२ या फॉर्ममध्ये अर्ज, एमडी-१३ मध्ये परवाना, फी एका उपकरणाला ५०० रुपये, सगळं ऑनलाइन. आमचा अभ्यास शैक्षणिक होता, म्हणजे त्यातला डेटा पुढे विक्रीच्या परवान्यासाठी वापरता येणार नाही. विक्रीसाठीची क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन वेगळी, तिचा अर्ज, फी आणि कागद सगळंच वेगळं. तुमचं काम कोणत्या बाजूला पडतं हे प्रोटोकॉल लिहिण्याआधीच जाणकाराला विचारा. इन्क्युबेटरमध्ये असा माणूस बहुधा असतो.

नोंदी नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात घेतल्या. प्रत्येक व्यक्ती आधी वीस मिनिटं बसून, मग रुग्णालयाच्या व्हरांड्यात चालून, मग कुंडीतल्या मातीत खुरपं चालवून, आणि शेवटी गच्चीवर उन्हात. छातीवर ईसीजीचे इलेक्ट्रोड, दंडावर आमचा सेन्सर. आल्यागेल्याचा खर्च आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई म्हणून ठरलेली रक्कम कमिटीने मंजूर केलेली होती. ती त्याच दिवशी, सही किंवा अंगठा घेऊन दिली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या संमतीच्या वेळी टीमबाहेरचा साक्षीदार लागतो. तो आधी ठरवून ठेवा, ऐनवेळी वॉर्डात मोकळा माणूस सापडत नाही. त्वचेची छटा मंक स्केलच्या दहा रंगांच्या पट्टीशी जुळवून नोंदवली, खिडकीजवळ, एकाच प्रकारच्या उजेडात.

ईसीजीशी ताडायला आम्ही हृदयगती मॉनिटरसाठीची जुनी परिचित मर्यादा धरली: दहा टक्के किंवा पाच ठोके, यातलं जे मोठं असेल ते. बसलेल्या अवस्थेत सेन्सर गडद त्वचेवरही त्या मर्यादेत राहिला, याचा मला मनापासून आनंद आहे. खुरपतानाही बरा टिकला. चालताना मात्र गडबड होते. माणूस मिनिटाला शंभर-एकशेदहा पावलं टाकतो आणि ठोकेही त्याच सुमाराला असतात, मग अल्गोरिदम पावलंच मोजायला लागतं. हालचाल मोजणाऱ्या ॲक्सिलरोमीटरवरून पावलांचा वेग काढून तो वगळायचा, ही ठरलेली पद्धत आम्ही वापरली. दोन्ही आकडे एकमेकांवर येतात तेव्हा ती अपुरी पडते. त्या क्षणांना सेन्सर आता आकडा देतच नाही, 'सिग्नल नाही' असं नोंदवतो. उन्हाच्या इशाऱ्यासाठी सावलीत बसल्यावरचे ठोके जास्त कामाचे आहेत, असं मॅडमचं मत आहे आणि मला ते पटतं.

सगळा खर्च साधारण नऊ लाखांपर्यंत गेला. त्यात सगळ्यात मोठा वाटा बोर्डांच्या आवृत्त्यांचा, त्याखालोखाल भाड्याने घेतलेली मोजमापाची उपकरणं आणि सहभागींची भरपाई. चिपचा खर्च त्यात अगदीच थोडा.

हिवाळ्यातलं ऊन म्हणजे एप्रिलचं ऊन नव्हे. शेतावर, खऱ्या उन्हाळ्यात नोंदी घेण्यासाठी प्रोटोकॉलमध्ये बदलाचा अर्ज कमिटीकडे दिला आहे. त्यासोबत कमिटीने पट्ट्याच्या सिलिकॉनचे आयएसओ १०९९३ प्रमाणे त्वचेला पुरळ-खाज येते का याचे अहवाल मागितले आहेत, कारण तिथे घाम असेल आणि पट्टा दिवसभर दंडावर राहील. प्रयोगशाळांकडून दरपत्रकं आली आहेत आणि ती एकमेकांपासून बरीच लांब आहेत. मागवताना पट्ट्याचा नमुना, सिलिकॉनचा ग्रेड आणि त्वचेला किती तास टेकून राहणार हे तिन्ही लिहून पाठवा. हे तास कळल्याशिवाय कोणत्या चाचण्या लागतील ते त्यांना ठरवता येत नाही, आणि पत्रव्यवहारातच पंधरा दिवस जातात.